उडी जड, वेलांटी उलटी: गेम बनवणाऱ्या वाचकांचे प्रश्न

एकट्याने किंवा दोघातिघांनी मिळून व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांची पत्रं या वेळी घेतली आहेत. ‘कल्पना कशी वाटते?’ असं विचारणारी पत्रं बाजूला ठेवली, कारण कल्पनेबद्दल बाहेरून सांगण्यासारखं फारसं नसतं. जिथे आकडा, सेटिंग किंवा तारीख सांगता येते, ती निवडली. बहुतेकांनी गोडो हे इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, वापरत असल्याचं लिहिलंय, म्हणून उदाहरणं त्यातलीच आहेत, आवृत्ती ४.३ आणि तिच्या पुढची.

प्रश्न: आम्ही दोघं मित्र मिळून शिवकालीन ओपन-वर्ल्ड (खेळाडूला हवं तिथे फिरता येईल असा) गेम करतोय. एक जण चित्रं काढतो, एक जण कोड लिहितो. नोकरी सांभाळून रोज दोन तास मिळतात. किती दिवस लागतील? (सातारा)

चित्रांपासून मोजा, कारण वेळ तिथेच जातो. वरून दिसणाऱ्या गेममधला एक मावळा घ्या. उभा राहण्याच्या ४ फ्रेम (हालचालीची एकेक चित्रं), धावण्याच्या ८, वाराच्या ५, मार खाण्याच्या २, पडण्याच्या ६: झाल्या २५. दिशा चार, पण डावी-उजवी आरशासारखी उलटवता येते, म्हणून काढायच्या तीनच. म्हणजे ७५ फ्रेम. हात बसलेला चित्रकार एका फ्रेमला २० मिनिटं घेतो असं धरलं तरी २५ तास होतात. असे सहा प्रकारचे सैनिक म्हणजे १५० तास, आणि रोज दोन तासांच्या हिशेबाने ७५ दिवस. यात अजून एकही दगड, झाड, दरवाजा किंवा मेनू आलेला नाही, आणि ‘ढाल थोडी मोठी हवी होती’ हे शहाणपण नेहमी पंचाहत्तरावी फ्रेम संपल्यावरच सुचतं.

ओपन-वर्ल्ड सोडा. राजगडाची एकटी संजीवनी माची घ्या: लांबट, टप्प्याटप्प्यांनी उतरणारी, चिलखती बुरुजांची. दुहेरी तटांमधली ती चिंचोळी वाट हीच तुमची लेव्हल. एक रात्र, एक पहारा, तीन प्रकारचे शत्रू. पहिले दोन आठवडे चित्रकाराने काहीच काढू नये. नुसत्या राखाडी चौकटींवर माची उभी करा आणि चौकोनच एकमेकांशी लढवा. चौकोनांच्या लढाईत मजा येत नसेल, तर फेटा आणि पट्टा चढवूनही येणार नाही. येत असेल, तर कोणती चित्रं खरोखर लागणार आहेत हे तोवर कळलेलं असतं. आमचा अनुभवी अंदाज असा, की सुरुवातीच्या यादीतली निम्मी लागत नाहीत.

प्रश्न: माझ्या प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायच्या) गेममध्ये उडी ‘जड’ वाटते. गुरुत्वाकर्षण कमी केलं की पात्र फुग्यासारखं तरंगतं. मधला आकडा सापडत नाही. (डोंबिवली)

कारण तुम्ही चुकीचा आकडा शोधताय. गुरुत्वाकर्षण आणि उडीचा वेग हे दोन्ही आकडे अंदाजाने फिरवत बसायचं नसतं. आधी दोनच गोष्टी ठरवायच्या: उडी किती उंच आणि वर पोचायला किती वेळ. बाकीचं गणितातून निघतं. गुरुत्वाकर्षण म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग. सुरुवातीचा वेग म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळ.

१६ पिक्सेलच्या टाइल, म्हणजे लेव्हल रचायचे चौकोनी तुकडे, असतील आणि चार टाइल, म्हणजे ६४ पिक्सेल उंच उडी ०.४ सेकंदात हवी असेल, तर गुरुत्वाकर्षण ८०० आणि वेग ३२० येतो. इथे एक खाच आहे. इंजिन सेकंदाचे ६० तुकडे, म्हणजे टप्पे, करून चालतं आणि आपण आधी वेग घटवून मग पात्र हलवतो, त्यामुळे प्रत्यक्ष उडी ६४ नाही तर सुमारे ६१ पिक्सेलच भरते. पात्र चौथ्या टाइलच्या काठाला नाक घासून खाली येतं आणि आपण टक्करचौकट (पात्र आदळण्याची हद्द) तपासत बसतो. म्हणून हिशेब ७० पिक्सेल धरून करा: गुरुत्वाकर्षण ८७५, वेग ३५०. प्रत्यक्षात सुमारे ६७ मिळतात आणि काठ आरामात ओलांडला जातो.

‘फुगा’ जातो तो खाली येताना. पात्र उतरायला लागलं की गुरुत्वाकर्षण १.६ पट करा, म्हणजे १४००. वर जायला ०.४ आणि खाली यायला सुमारे ०.३२ सेकंद लागतील. बटण लवकर सोडलं तर वर जाण्याचा वेग तिथल्या तिथे निम्मा करा, म्हणजे छोटी उडी मिळते. पडण्याच्या वेगाला वरची मर्यादाही हवी. नाहीतर उंचावरून पडताना एका टप्प्यात पात्र जितकं सरकतं ते अंतर खेळाडूच्या नजरेला झेपत नाही.

आणखी दोन सवलती खेळाडूला गुपचूप द्यायच्या. कड्यावरून पाय सुटल्यावरही ०.१ सेकंद, म्हणजे सहा टप्पे, उडी मारता आली पाहिजे. आणि जमिनीला टेकण्याआधी ०.१ सेकंदात बटण दाबलं असेल तर ते लक्षात ठेवून टेकताक्षणी उडी व्हायला हवी. या दोन गोष्टी नसल्या की खेळणारा ‘बटण नीट चालत नाही’ असं म्हणतो. त्याचं चुकत नाही. माणसाचा हात डोळ्यापेक्षा थोडा मागेपुढे असतोच.

तुमच्या पाठवलेल्या कोडमध्ये एक खरी चूकही आहे. आडव्या वेगाला तुम्ही डेल्टाने, म्हणजे एका टप्प्याच्या वेळेने गुणलंय. ‘मूव्ह अँड स्लाइड’ हे पात्र हलवणारं फंक्शन तो गुणाकार आतल्या आत करतंच. दोनदा गुणल्यामुळे वेग साठाव्या हिश्श्यावर आला, आणि म्हणूनच तुम्हाला वेग ७२०० लिहावा लागला. तो गुणाकार काढा आणि १२० लिहा. गुरुत्वाकर्षणाला मात्र डेल्टाने गुणायलाच हवं.

आता लेव्हल आखताना हेच आकडे वापरा. हवेत एकूण ०.७२ सेकंद आणि आडवा वेग १२०, म्हणजे उडीची लांबी सुमारे ८६ पिक्सेल, पाच टाइलपेक्षा किंचित जास्त. तीन टाइलची दरी सोपी, चारची सावध, पाचची अवघड, सहाची टाळायची. हा तक्ता कागदावर लिहून स्क्रीनशेजारी चिकटवा. वेग किंवा उंची बदलली की सगळ्या दऱ्या पुन्हा तपासाव्या लागतात, म्हणून उडी पक्की होईपर्यंत दुसरी लेव्हल काढूच नका.

प्रश्न: पिक्सेल आर्ट पात्र चालताना थरथरतं, आणि काही पिक्सेल जाड, काही बारीक दिसतात. (नाशिक)

ही दोन वेगळी दुखणी आहेत. जाड-बारीक पिक्सेल चित्र अपूर्णांकी पटीत मोठं केल्यामुळे होतात. मूळ रिझोल्यूशन ३२० × १८० ठेवा. ते चारपट केलं की १२८० × ७२० होतं, सहापट केलं की १९२० × १०८०. स्ट्रेच मोड ‘व्ह्यूपोर्ट’, स्केल मोड ‘इंटिजर’ आणि टेक्स्चर फिल्टर ‘निअरेस्ट’ ठेवा. १३६६ × ७६८ च्या जुन्या लॅपटॉपवर मग डाव्या-उजव्या बाजूला ४३ आणि वर-खाली २४ पिक्सेलची काळी पट्टी राहील. ती राहू द्या, ताणलेल्या चित्रापेक्षा ती बरी.

थरथर बहुधा १२० किंवा १४४ हर्ट्‌झच्या मॉनिटरवर दिसत असेल. गणित सेकंदाला ६० वेळा होतं आणि चित्र १४४ वेळा काढलं जातं. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये ‘फिजिक्स इंटरपोलेशन’, म्हणजे दोन टप्प्यांमधली जागा भरून काढणं, चालू करा. ते चालू केल्यावर पात्र एका दारातून दुसरीकडे उचलून ठेवताना तेवढ्यापुरतं इंटरपोलेशन रीसेट करावं लागतं, नाहीतर पात्र पडद्यावरून घसरत गेल्यासारखं एक क्षण दिसतं.

प्रश्न: गेममधले संवाद मराठीत ठेवायचे आहेत. युनिटी इंजिनमध्ये ‘कि’ची वेलांटी क-नंतर पडते आणि जोडाक्षरं सुटी होतात. फाँट बदलून पाहिले, उपयोग नाही. (इंदूर)

फाँटचा दोष नाही, म्हणून बदलून उपयोग होणार नाही. देवनागरीत टंकलेला क्रम आणि दिसणारा क्रम वेगळा असतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर टंकली जाते पण आधी काढावी लागते, आणि क, हलन्त, ष मिळून क्ष व्हावा लागतो. हे काम ‘शेपिंग’ करणाऱ्या भागाचं. युनिटीत मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टमेश प्रोमध्ये ते देवनागरीसाठी होत नाही. ते अक्षरं आली तशी ओळीत मांडतं. तिथेच राहायचं असेल तर संवादांची आधीच चित्रं करून लावणं हा एक उपाय आहे, पण शुद्धलेखनाची एक चूक सापडली की चित्र पुन्हा काढावं लागतं.

गोडोच्या चौथ्या पिढीत हार्फबझ हे शेपिंगचं ग्रंथालय आत आहे, त्यामुळे देवनागरी सरळ उमटते. तिसऱ्या पिढीत हे नव्हतं. जुन्या व्हिडिओवरून शिकत असाल तर आवृत्ती आधी पाहा. फाँटसाठी मुक्त, बलू २ किंवा नोटो सॅन्स देवनागरी घ्या. तिघांचाही परवाना ओपन फाँट लायसन्स आहे, म्हणजे विकायच्या गेममध्येही चालतात. परवान्याची फाइल सोबत ठेवा.

निवडलेल्या फाँटवर ही एक ओळ आधी लावून पाहा: ‘स्त्री, ज्ञान, दऱ्या, ट्रक, क्रिकेट, कृष्ण, ॲप, शक्ती’. ‘दऱ्या’तला र तुटला किंवा ‘ॲ’च्या जागी रिकामा चौकोन आला तर फाँट बाद. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर फाँटमध्ये ती रूपं असायला हवीत आणि लेबलची (मजकूर दाखवणाऱ्या घटकाची) भाषा मराठी अशी नोंदवायला हवी. नाहीतर हिंदी वळण दिसतं. वाचता येतं, पण मराठी डोळ्याला खटकतं.

संवाद एकेक अक्षर उमटवत दाखवायचे असतील तर आणखी एक गंमत होते. ‘स्त्री’ उमटताना आधी स, मग स्, मग स्त अशी मोडकी रूपं चमकून जातात. लेबलच्या ‘व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेविअर’ या सेटिंगमध्ये ‘आफ्टर शेपिंग’ निवडलं की पूर्ण जोडाक्षर एकदमच येतं.

नाशिकच्या वाचकाला दिलेलं उत्तर पिक्सेल आर्टवाल्यांनी इथे जसंच्या तसं वापरू नये. इंग्रजी अक्षर आठ पिक्सेलच्या उंचीत बसतं. देवनागरीला वर मात्रा-रफार आणि खाली उकार हवा, मध्ये उभं जोडाक्षर, त्यामुळे सोळा पिक्सेलही कमी पडतात. मार्ग असा: खिडकी १२८० × ७२० ची ठेवा, स्ट्रेच मोड ‘कॅनव्हास आयटम्स’ करा, गेमचं जग एका ‘सबव्ह्यूपोर्ट कंटेनर’मध्ये टाका आणि त्याचा ‘स्ट्रेच श्रिंक’ ४ ठेवा. जग ३२० × १८० मध्ये राहतं आणि अक्षरं पूर्ण रिझोल्यूशनमध्ये. ओळींमधलं अंतरही इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकणार नाही.

संवाद कोडमध्ये लिहू नका. एका सीएसव्ही तक्त्यात पहिला स्तंभ प्रत्येक संवादाच्या ओळखखुणेचा, पुढचे इंग्रजी आणि मराठीचे. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन व्हायला हवी. एक्सेलमध्ये साधं ‘सेव्ह’ केलं की मराठीची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत. लिबरऑफिस जतन करताना एन्कोडिंग विचारतं, ते वापरा.

प्रश्न: एडिटरमध्ये गेम नीट चालतो. एक्सपोर्ट करून (स्वतंत्र चालणारी प्रत काढून) मित्राला दिला तर काही चित्रं गायब आणि गेम सेव्ह होत नाही. (पणजी)

चित्रं गायब होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे इंग्रजी लहान-मोठी लिपी. फाइलचं नाव मोठ्या पी-ने आणि कोडमध्ये लहान पी. विंडोजला फरक कळत नाही म्हणून एडिटरमध्ये चालतं, पण एक्सपोर्ट केलेल्या गठ्ठ्यात दोन्ही वेगळी नावं ठरतात. आजपासून सगळी नावं लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता. साध्या टेक्स्ट फाइल वाचत असाल तर त्या आपोआप गठ्ठ्यात जात नाहीत. एक्सपोर्टच्या ‘रिसोर्सेस’ टॅबमधल्या फिल्टरमध्ये त्यांचा प्रकार लिहावा लागतो.

सेव्हचं कारण सरळ आहे. तुम्ही ‘रेस’ (गेमच्या स्वतःच्या फाइलींच्या) मार्गात लिहिताय, जो एक्सपोर्टनंतर फक्त वाचण्यापुरता असतो. ‘यूजर’ (खेळाडूच्या फाइलींच्या) मार्गात लिहा. सेव्ह फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून आवृत्तीचा क्रमांक टाका, नाहीतर पुढच्या अपडेटला जुनी सेव्ह कशी वाचायची हा प्रश्न पडतो. लिहिताना आधी तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदला. लिहितानाच वीज गेली तर निदान जुनी सेव्ह शाबूत राहते. सेव्हसाठी जेसन हे मजकुरी स्वरूप वापरत असाल तर परत वाचताना सगळे आकडे दशांश होऊन येतात. ‘३ नाणी’ची ‘३.०’ झाली तर घाबरू नका, पूर्णांकात बदलून घ्या.

पहिलं एक्सपोर्ट गेम संपल्यावर नाही, पहिल्या आठवड्यातच करा, आणि दर शनिवारी एका स्वस्त लॅपटॉपवर चालवून पाहा.

प्रश्न: स्टीमवर (संगणकाचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात) गेम टाकायला नक्की किती खर्च आणि किती दिवस? हातात किती येतं? (पिंपरी-चिंचवड)

एका गेमला १०० डॉलर. गेमची विक्री १,००० डॉलरवर गेली की ते परत मिळतात. पैसे भरल्यापासून ३० दिवस गेम प्रसिद्ध करता येत नाही, आणि ‘लवकरच येत आहे’ असं पान किमान दोन आठवडे जाहीर असावं लागतं. पान आणि गेम यांची तपासणी वेगवेगळी होते, प्रत्येकीला तीन ते पाच कामाचे दिवस धरा, आणि दुरुस्ती सांगितली तर पुन्हा तेवढेच. म्हणजे नियमाने महिनाभर, पण तेवढ्यावर थांबणं नुकसानीचं. पान निदान सहा महिने आधी लावा, कारण त्या काळात विशलिस्टमध्ये टाकणाऱ्यांनाच प्रकाशनाच्या दिवशी ई-मेल जातो. ‘नेक्स्ट फेस्ट’ हा स्टीमवरचा डेमोंचा उत्सव वर्षातून तीनदा असतो, पण एका गेमला आयुष्यात एकदाच भाग घेता येतो. डेमो कच्चा असेल तर तो हंगाम सोडा.

पानासोबतचं छोटं चित्र (‘स्मॉल कॅप्सूल’) करताना लक्षात ठेवा, की याद्यांमध्ये ते १२० × ४५ पिक्सेलपर्यंत बारीक होतं. तेवढ्यात नाव वाचता आलं पाहिजे. घोडा, किल्ला, सूर्यास्त आणि चार मावळे त्यात मावणार नाहीत.

हिशेब असा. भारतातल्या ग्राहकाने ११८ रुपये दिले तर १८ रुपये जीएसटीचे. उरलेल्या १०० मधले ३० स्टीमचे, तुमचे ७०. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला करही कापला जातो. भारत-अमेरिका कर-करार लागू झाला तर तुमच्या हिश्श्याच्या १५ टक्के, नाहीतर ३०. त्यासाठी नोंदणीतल्या करविषयक प्रश्नांमध्ये पॅन क्रमांक नीट भरा, आणि पॅन, बँक खातं व स्टीमवरचं नाव अक्षरशः एकच ठेवा. मधलं नाव एकीकडे पूर्ण आणि एकीकडे आद्याक्षर, एवढ्यावरूनही पडताळणी अडते. तिथे कापलेल्या कराचं श्रेय भारतातल्या विवरणपत्रात मागता येतं. त्यासाठी सीए गाठा. एका महिन्याची रक्कम पुढच्या महिन्याच्या शेवटी येते, आणि १०० डॉलरच्या आत असेल तर साठत राहते.

घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम ग्राहक परत करू शकतो. तुमचा गेम दीड तासाचा असेल तर काही जण संपवून परत करतील. त्यासाठी उगाच पाणी घालून तो तीन तासांचा करू नका. किंमत कमी ठेवा.

प्रश्न: प्ले स्टोअर ‘१२ टेस्टर’ मागतं. घरचे आठच आहेत. (कोल्हापूर)

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना तो नियम आहे. किमान १२ जण, सलग १४ दिवस, बंद चाचणीत सामील असायला हवेत. मधेच कोणी बाहेर पडून संख्या ११ झाली तर सलगता तुटते, म्हणून १६-१८ जणांना घ्या. कॉलेजचा ग्रुप, गल्लीतली मुलं, नात्यातले सगळे चालतील, फक्त प्रत्येकाने आपल्या गूगल खात्याने लिंक उघडून होकार द्यायला हवा. नुसती फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली तर ती धरली जात नाही. चौदा दिवसांनंतर काय सुधारणा केल्या ते विचारतात, तेव्हा आलेल्या सूचना वहीत लिहून ठेवा. नोंदणीचे २५ डॉलर एकदाच भरायचे असतात.

प्रश्न: जुन्या पोवाड्याची ध्वनिमुद्रिका पार्श्वसंगीत म्हणून वापरली तर? रचना तर शंभर वर्षांपूर्वीची आहे. (सोलापूर)

रचना मोकळी असू शकते, पण ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो आणि तो कंपनीकडे असू शकतो. शाहिराला बोलावून नव्याने गाऊन घ्या आणि वापराचा लेखी करार करा. तयार आवाज घ्यायचे तर परवान्यात ‘नॉन-कमर्शियल’ असेल ते विकायच्या गेममध्ये चालत नाहीत, सीसी-शून्य (सगळे हक्क सोडून दिलेले) असेल ते चालतात. कोणता आवाज कुठून कोणत्या परवान्यावर घेतला याचा तक्ता घेतानाच भरा. पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या संगीताला एमपी३ नको. टोकाला बारीक शांतता राहते आणि ढोलकीचा ठेका दर फेरीला अडखळतो. ऑग व्हॉर्बिस वापरा. तलवारीचा खणखणाट दरवेळी तोच वाटू नये म्हणून त्याची पट्टी ०.९ ते १.१ च्या मध्ये यदृच्छेने बदलत ठेवा.

प्रश्न: २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यामुळे माझ्या गेमवर बंदी येईल का, असं वडील विचारतात. (लातूर)

तो कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतो. एकदा किंमत देऊन विकत घ्यायचा, ज्यात पैज नाही आणि रोख बक्षीस नाही असा गेम त्या बंदीत येत नाही. वडिलांना गेमच दाखवा, पण आधी डोंबिवलीच्या वाचकाला सांगितलेले ०.१ सेकंद त्यात घालून घ्या.